दुपारी चालणारा निळा माणूस

माझ्या भावाला झोपेत चालताना मी पाहिलं, तेव्हा त्याला अंथरुणाला खिळून वर्ष उलटून गेलं होतं. मानेखालचं अंग त्याला हलवता येत नव्हतं, आजही येत नाही. तरीही त्या दुपारी मी जे पाहिलं त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

दादा माझ्याहून बराच मोठा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे मॅनेजर होता. दिवसभर फोन, ट्रक, वजनकाट्याच्या पावत्या आणि आरडाओरडा. एका रविवारी कोन गावाला कुणाच्या तरी सोबतीनं प्लॉट बघायला गेला आणि येताना मोटरसायकलला कुत्रं आडवं आलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण मानेचा मणका गेला. बोलणं शाबूत, बुद्धी शाबूत, भूक शाबूत. बाकी सगळं दुसऱ्याच्या हाती.

नवीन पनवेलला त्याचा तळमजल्यावर फ्लॅट आहे, आमचा तिथून दोन गल्ल्या सोडून. वहिनी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. सकाळी एक माणूस येऊन दादाचं अंग पुसून, कपडे बदलून जायचा. दुपारी मी जायची. माझ्या शिकवण्या सकाळी आणि संध्याकाळी असतात, मधला वेळ मोकळाच. मी त्याला जेवण भरवायची, कूस बदलायची, मग तो झोपायचा आणि मी शेजारच्या खुर्चीत वह्या तपासत बसायची.

पहिले काही महिने तो टीव्ही बघायचा. मग टीव्ही नको म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात रिमोट असला की सगळे चॅनेल सारखेच," असं एकदा बोलून गेला. ते माझ्या नवऱ्याच्या मनाला लागलं असावं. नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांवर आहे. त्यानं सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काहीबाही पसरायला सुरुवात केली. शेवटी तयार झाली ती एक डबी, तिच्यातून निघणाऱ्या वायरी आणि वायरींच्या टोकांना हृदयाचा आलेख काढताना छातीला लावतात तसल्या, पण गालाला आणि कपाळाला लावायच्या चिकटपट्ट्या.

"दादा, स्नायू आवळला की त्यात अगदी थोडी वीज तयार होते," नवऱ्यानं त्याला समजावलं. "ही डबी ती पकडते. उजव्या बाजूला दात दाबले की पुढे. डाव्या बाजूला दाबले की मागे. भुवया वर केल्या की उडी."

"उडी कुणी मारायची?" दादानं विचारलं.

"हा मारणार."

नवऱ्यानं पलंगासमोर कॉम्प्युटर मांडला होता. त्यावर एक साधाच, फुकट मिळणारा गेम होता. निळा सदरा घातलेला बोटभर माणूस. विटांचे कट्टे, मधे खड्डे, वरखाली होणाऱ्या फळ्या. एका कट्ट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत उजवीकडे जायचं, शेवटी एक दार. खड्ड्यात पडला की पुन्हा सुरुवातीला उभा.

दादाला ते काही केल्या जमेना. एका बाजूचे दात दाबायला गेलं की दोन्ही बाजूंचे दाबले जायचे आणि निळा माणूस जागच्या जागी थरथरायचा. भुवई उचलेपर्यंत तो खड्ड्यात गेलेला असायचा. पण दादा चिडत नव्हता. घामाघूम व्हायचा आणि "परत" म्हणायचा. वहिनी दारात उभी राहून त्याचं वेडंवाकडं होणारं तोंड बघून हसली होती. अपघातानंतर तिला मी तेव्हाच पहिल्यांदा हसताना पाहिलं. तोही हसला आणि त्या हसण्यानं निळा माणूस तीन-चार उड्या मारून खड्ड्यात पडला.

मग ती दुपार आली. तळोज्याकडून वारा होता, त्या वाऱ्याबरोबर येतो तो कारखान्यांचा उग्र वास नको म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. दादा खेळता खेळता झोपला. पट्ट्या काढायला गेले तर जाग येईल म्हणून मी तशाच राहू दिल्या. कॉम्प्युटर सुरूच होता. मी वह्या तपासत होते.

टप, टप, टप.

त्या गेममध्ये पावलांचा आवाज होता, कोरड्या लाकडावर बोट आपटावं तसा. मला वाटलं दादा उठला. "पाणी देऊ का रे?" मी मान वर न करताच विचारलं. उत्तर आलं नाही. मी बघितलं. दादा गाढ झोपलेला, तोंड किंचित उघडं, श्वास लांब. आणि पडद्यावर निळा माणूस चालत होता.

जागेपणी दादा त्याला चालवायचा ते धक्के देत. हा मात्र सलग, सहज चालत होता. थोडं चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. पण तो उजवीकडे, दाराकडे जात नव्हता. डावीकडे जात होता. डावीकडे काहीच नव्हतं, फक्त गेम जिथं सुरू होतो तिथली विटांची उंच भिंत. तो भिंतीपाशी गेला आणि तिला टेकून तसाच चालत राहिला. पाय हलतायत, माणूस तिथंच. मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं. डाव्या कानाखाली, पट्टीच्या आतमध्ये काहीतरी हळूहळू फुगत होतं आणि बसत होतं. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे फिरत होती. मग त्याच्या दोन्ही भुवया उचलल्या गेल्या. निळ्या माणसानं उडी मारली.

मी उठून दादाच्या खांद्याला हात लावला. त्याला खांद्याला काही कळत नाही हे माहीत असूनही लावला. मग कपाळाला लावला. तो जागा झाला आणि म्हणाला, "काय गं? घाबरलीस कशाला?"

"काही नाही. चहा ठेवते," मी म्हणाले.

त्या दिवशी मी घरी कुणाला बोलले नाही. काय बोलणार होते? पण दुसऱ्या दिवशी दादा झोपल्यावर मी पट्ट्या काढल्या नाहीत. तो पुन्हा चालला. तिसऱ्या दिवशीही. नेहमी डावीकडे, नेहमी त्या भिंतीशी. आणि एका दुपारी भिंतीच्या कडेला पाय अडकवून, पुन्हा उडी, पुन्हा उडी असं करत तो वर चढला. भिंतीच्या माथ्यावर क्षणभर उभा राहिला आणि पलीकडे उतरला. पडद्याबाहेर. पडदा काही त्याच्या मागे सरकला नाही. रिकामे कट्टे, वरखाली होणाऱ्या फळ्या, आणि माणूस नाही. फक्त आवाज येत होता. टप, टप, टप. थोडं थांबून पुन्हा टप, टप.

तेवढ्यात दादाला आपोआप जाग आली. मान वळवून त्यानं पडद्याकडे पाहिलं. जाग आली तरी आवाज क्षणभर चालूच राहिला, मग थांबला.

"कोण चालत होतं?" त्यानं विचारलं.

मला खोटं बोलायला सुचलं नाही. मी सांगितलं, "तू."

नवऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आधी त्यानं डबीच तपासली. पट्ट्या स्वतःला लावून तो अर्धा तास निपचित पडून राहिला. निळा माणूस हलला नाही. "म्हणजे डबीचा दोष नाही," तो म्हणाला. "दादा झोपेत दात खातात. बरेच जण खातात. स्वप्न पडताना चेहरा हलतो, भुवया उडतात. एवढंच आहे."

"आणि ती भिंत?"

"बनवणाऱ्यानं बंद करायची राहून गेली असेल. असे गेम बनवताना राहतात अशा फटी. पलीकडे काही नसतं."

"पण आवाज येतो."

"जमीन आहे तोवर पावलं वाजणार. चित्र काढलेलं नाही, इतकंच."

त्याचं बोलणं खरंच होतं. तरी जेवताना त्यानं तो आवाज कसा येतो ते मला पुन्हा विचारलं.

दादानं हट्ट धरला की मला ते बघायचंय. मग नवऱ्यानं पडद्याचं रेकॉर्डिंग होईल अशी सोय केली. रविवारी आम्ही चौघं त्या खोलीत बसलो, मी, नवरा, वहिनी आणि पलंगाची डोक्याकडची बाजू वर केलेला दादा. रेकॉर्डिंग सुरू झालं. निळा माणूस चालायला लागला. थोडं चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. "अहो," ती म्हणाली, "हे तर तुम्हीच."

"मी कसा? ते चित्र आहे. सगळे तसेच चालतात."

"चालणं नाही. थांबणं. रस्त्यानं जाताना तुम्ही असेच मधेच थांबायचे. खिसा चाचपायचे, किल्ली आहे का बघायला. मी पुढे निघून जायची आणि मागे वळून बघायची. असेच."

दादा बराच वेळ बघत राहिला. निळा माणूस भिंत चढला, उतरला, दिसेनासा झाला. पावलं ऐकू येत होती. दादा म्हणाला, "मी नाही हा. मी असा चालत नव्हतो."

ते ऐकून मला पहिल्या दुपारपेक्षा जास्त भीती वाटली. बायको ओळखत होती आणि तो स्वतः नाही म्हणत होता. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

त्यानंतर दादानं खेळायचा सपाटा लावला. त्याला त्या झोपेतल्यापेक्षा चांगलं चालायचं होतं. तसं तो बोलला नाही, पण दिसत होतं. सकाळच्या माणसानं अंग पुसल्याबरोबर त्याच्यामागं "पट्ट्या लाव" सुरू व्हायचं. खेळून खेळून गाल सुजले. पहिला खड्डा पार व्हायला लागला, दुसरा पार व्हायला लागला, पण चाल धक्क्यांचीच राहिली. मग तो दुपारी झोपेनासा झाला. डोळे जड झाले तरी मला सांगायचा, "बोल काहीतरी. झोपू देऊ नकोस."

"का रे?"

"मी झोपलो की तो निघतो."

मी पट्ट्या काढून टाकते म्हटलं, तर तेही नको. पट्ट्या काढल्या तर तो कुठं जातो ते कळणार नाही, म्हणाला. हे तो अगदी साध्या आवाजात बोलला, ट्रक कुठवर आला असेल ते सांगावं तसं. घरी शिकवणीला मुलं बसलेली असताना वरच्या मजल्यावर कुणी चाललं तरी मी दचकायला लागले होते.

यातून सुटका झाली ती दाताच्या दुखण्यानं. एका सकाळी नाश्ता भरवताना वहिनीला त्याच्या तोंडात दाताचा कपचा सापडला. डावीकडची दाढ चिरली होती. दाताचे डॉक्टर घरी आले. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "रात्रंदिवस दात आवळता का? वेदना आहेत कुठं?"

वहिनीनं खोदून विचारलं तेव्हा दादानं सांगितलं. मान आणि डोक्याच्या मागची बाजू महिनोन्‌महिने ठणकत होती. कुणाला बोलला नव्हता. "आधीच काय कमी करता माझं? त्यात आणखी कुठं," म्हणाला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. मग त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वेदनेवर आणि स्नायू सैल पडावेत म्हणून गोळ्या दिल्या. दोन-चार दिवसांत चेहरा निवळला. दुपारी शांत झोप लागायला लागली.

आणि निळा माणूस थांबला.

ते थांबणं मला त्याच्या चालण्यापेक्षा वाईट वाटायचं. त्या गेममध्ये माणसाला बराच वेळ हलवलं नाही की तो वळून समोर तोंड करून उभा राहतो. श्वास घेतल्यासारखे खांदे वरखाली होतात. मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो. हे गेममध्येच तसं आहे, हे मला ठाऊक होतं. पण दादा झोपलेला आणि तो खोलीकडे बघत उभा, असं तासभर चालायचं. शेवटी मी पडद्यावर टॉवेल टाकायला लागले.

दादाच्याही ते ध्यानात आलं. एका संध्याकाळी मी निघायच्या तयारीत असताना तो वहिनीला म्हणाला, "उद्या ती गोळी नको."

"का? दुखतंय का परत?"

"नाही. तो उभाच आहे."

वहिनीच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. "तुमचे दात तुटले तरी चालतील, मान ठणकली तरी चालेल, पण तो चालला पाहिजे?"

"हो."

"आणि मी? मी काय करायचं? तुम्ही दुखण्यानं दात खाताय आणि ती चित्रातली पावलं ऐकत बसू?"

"तूच म्हणालीस ना, तो मी आहे म्हणून."

मला वाटलं मी निघून जावं, पण पाय निघेना. वहिनीनं भांडं ठेवलं, पलंगाच्या कडेला बसली आणि त्याच्या गालावरची पट्टी नीट दाबून बसवली. "गोळी मी देणार," ती म्हणाली. "पण जागेपणी न्या ना त्याला तिकडं. घाई नाही. मी बसते बरोबर."

तेव्हापासून वहिनी शाळेतून आली की दोघं तेच करत बसायची. दार, खड्डे, फळ्या सगळं सोडून दिलं. फक्त डावीकडची भिंत. गोळ्यांमुळे जबडा सैल असायचा, एका बाजूचे दात दाबणं उलट सोपं झालं होतं. तरी भिंत काही चढता येईना. कडेला पाय टेकतो तेवढ्यात भुवया उचलाव्या लागत. वहिनी शेजारी बसून सांगायची, "आता... आता!" आणि सांगताना तिच्या स्वतःच्या भुवया वर जायच्या. पोळ्या करायला उठायचीही आठवण राहायची नाही. मग मीच आमच्याकडचा डबा आणून ठेवायची.

तो दिवस शनिवारचा होता. दुपारचं जेवण झालेलं. वहिनीला सुट्टी, नवराही डबीची वायर बदलायला आला होता. दादानं एक उडी घेतली, पाय टेकला, दुसरी घेतली, पुन्हा टेकला. वहिनी "आता" म्हणायला विसरली. निळा माणूस भिंतीच्या माथ्यावर उभा होता. दादानं श्वास सोडला आणि डावीकडचे दात दाबले. तो पलीकडे उतरला.

टप, टप, टप.

दादानं डोळे मिटून घेतले. जागा होता, पण डोळे मिटलेले. त्याच्या कानाखाली ती हालचाल दिसत होती, फुगणं आणि बसणं, झोपेत दिसायची तशीच. पावलं धक्क्यांची नव्हती. थोडं चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. आम्ही तिघं रिकाम्या कट्ट्यांकडे बघत होतो.

खूप वेळानं वहिनीनं हळूच विचारलं, "काय आहे हो तिकडं?"

"काही नाही," दादा म्हणाला. "सपाट आहे. चालायला बरं आहे."

"अजून किती जायचंय?"

"बघू."

आवाज चालू राहिला. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. तो एवढंच पुटपुटला की एवढी जमीन असायला नको, कुठंतरी संपायला हवी होती, निळा माणूस पडून परत सुरुवातीला यायला हवा होता. मी त्याला गप्प बसायची खूण केली. दादाचा जबडा थकत गेला तशी पावलं विरळ होत गेली आणि शेवटी थांबली. दादानं डोळे उघडले. ओले होते, पण चेहरा शांत होता.

"बंद करा आता," तो म्हणाला. "तसाच राहू दे. परत आणू नका त्याला."

नवऱ्यानं कॉम्प्युटर बंद केला.

गेम पुन्हा लावला असता तर निळा माणूस पहिल्या कट्ट्यावरच उभा सापडला असता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणी लावून बघितला नाही. काही दिवसांनी दादानंच तो काढून टाकायला सांगितला. डबी मात्र वाया गेली नाही. नवऱ्यानं तीच वेगळ्या रीतीनं जोडून दिली. दात दाबून, भुवया उचलून दादा आता पडद्यावरची अक्षरं निवडतो, फोन लावतो. त्याच्या जुन्या मालकांनी त्याला घरबसल्या थोडं काम दिलंय. सळ्यांचे भाव, गाडी कुठं अडकली, कुणाचा माल उतरायचा राहिलाय. फोनवर तो पूर्वीसारखाच ओरडतो आणि वहिनी आतून "हळू" म्हणून ओरडते. मान अधूनमधून ठणकते. आता तो सांगतो.

त्या चालण्याबद्दल आमच्यात बोलणं होत नाही. मी एकदाच विचारलं होतं, स्वप्नात काय दिसायचं रे तुला? तो म्हणाला, "स्वप्नं आठवत नाहीत मला. तेव्हाही आठवत नव्हती." नवऱ्याचं म्हणणं अजून तेच आहे, दात खाणं आणि गेममधली फट. ते बरोबर असेलही. एकदा मी त्याला विचारलं की मग वहिनीनं कुणाला ओळखलं? तो म्हणाला, ते मला नको विचारूस.

मी अजूनही दुपारी जाते. जेवण झालं की दादाच्या गालावरच्या आणि कपाळावरच्या पट्ट्या काढून ठेवते, पडदा बंद करते, मग तो झोपतो. वारा तळोज्याकडचा असेल तर खिडक्या लावते. वह्या घेऊन बसते. कधीतरी त्याच्या डाव्या कानाखाली काहीतरी फुगायला आणि बसायला लागतं, पापण्यांखाली बुबुळं सरकतात. आधी मी बघत बसायची. आता तसं दिसलं की त्याला एकट्याला चालू द्यावं म्हणून मी वह्या उचलते आणि दार लोटून घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसते.